रकान्यातली माणसं

आकाशवाणीची सकाळची संकेतधून आमच्या पिढीच्या कानात पक्की बसली आहे. तंबोऱ्याचे सूर आणि त्यावर व्हायोलिनचे ते मोजके स्वर. बेळगावात सांगली केंद्र लावा नाहीतर धारवाड, पुढची भाषा बदलायची, धून मात्र तीच. माझे वडील मराठी आणि आई धारवाडकडची. वडिलांना सांगली हवं असे, आईला धारवाड. पण धून संपेपर्यंत घरात एकमत असायचं!

या धुनेचं श्रेय ज्यांना दिलं जातं ते वॉल्टर काउफमान ना सांगलीचे, ना धारवाडचे. ते भारतातलेच नव्हते. १९०७ मध्ये कार्ल्सबाद या गावी, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बर्लिन आणि प्राग इथे ते संगीत शिकले. १९३३ मध्ये जर्मनीत हिटलर सत्तेवर आला आणि १९३४ मध्ये काउफमान मुंबईला आले. १९३७ पासून १९४६ पर्यंत ते मुंबई आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळत होते. पुढे परदेशी गेल्यावर त्यांनी उत्तर हिंदुस्थानच्या रागांवर पुस्तक लिहिलं आणि दक्षिणेच्या रागांवरही लिहिलं. आमच्या घरातल्या सांगली आणि धारवाड या दोन्ही पक्षांचं समाधान करणारा माणूस म्हणायचा!

ज्यू म्हटलं की आपल्याला कोकणातले बेने इस्राएल आठवतात. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. शतकानुशतकं ते मराठी बोलत कोकणात राहिले आणि धर्मावरून त्यांना कुणी छळलं नाही. युरोपातली गोष्ट वेगळी होती. तिथे नाझींनी साठ लाख ज्यूंना ठार मारलं. हा आकडा आपण शाळेत वाचतो. पण साठ लाख म्हणजे किती, हे मनाला उमगत नाही. मला ते थोडंफार उमगलं ते जे मेले त्यांच्यामुळे नव्हे, तर जे निसटले त्यांच्यामुळे. निसटून ते आपल्याच लोकांच्या शेजारी येऊन पडले होते, म्हणून आज हे लिहावंसं वाटलं.

काउफमान १९३४ मध्ये निघाले आणि वाचले. त्याच प्रागमधून, शिवाय व्हिएन्ना आणि डान्झिग या शहरांतून, १९४० च्या सप्टेंबरात सुमारे साडेतीन हजार ज्यू निघाले. डॅन्यूब नदीतून आधी रुमानियातल्या तुल्चा बंदरात आणि तिथून तीन जुनाट बोटींतून पॅलेस्टाइनकडे. पॅसिफिक, मिलोस आणि अटलांटिक अशी बोटींची नावं. दोघींची नावं महासागरांची आणि बोटी मोडकळीला आलेल्या. अटलांटिकवर सुमारे १८०० माणसं दाटीवाटीनं भरलेली होती. वाटेत कोळसा संपला. तेव्हा प्रवाशांनी बोटीतलंच लाकूड तोडून भट्टीत घातलं. ज्या बोटीत बसायचं तीच जाळत पुढे जायचं! त्यातच विषमज्वर पसरला. काही जण वाटेतच गेले.

पॅलेस्टाइन तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होतं. तिथला अरब आणि ज्यूंचा झगडा हा मोठा विषय आहे, आजही रक्ताळलेला आहे, त्यात मी शिरत नाही. एवढंच सांगते, की १९३९ मध्ये ब्रिटिशांनी तिथे येणाऱ्या ज्यूंवर कडक मर्यादा घातली होती. त्यामुळे ज्यांच्याकडे परवाना नाही ते 'बेकायदा'. ही माणसं मरणाच्या दारातून आली आहेत, हे सरकारला ठाऊक नव्हतं असं नाही. पण कागद नव्हता. २० नोव्हेंबर १९४० ला सरकारनं जाहीर केलं, की यांना दूरच्या वसाहतीत नेऊन ठेवायचं, आणि युद्ध संपल्यावरसुद्धा पॅलेस्टाइनमध्ये येऊ द्यायचं नाही.

पहिल्या दोन बोटींतल्या माणसांना हैफा बंदरात 'पात्रिया' नावाच्या मोठ्या जहाजावर चढवलं होतं. अटलांटिकवरच्या लोकांना चढवायला सुरुवात झाली आणि २५ नोव्हेंबरला सकाळी जहाजावर स्फोट झाला. पॅलेस्टाइनमधल्या ज्यूंच्याच हागाना या भूमिगत संघटनेनं तो घडवून आणला होता. जहाज नादुरुस्त व्हावं, म्हणजे माणसांना इथेच ठेवावं लागेल, असा त्यांचा हिशेब. हिशेब चुकला. जहाज पंधरा-वीस मिनिटांत बुडालं आणि अडीचशेहून जास्त माणसं गेली.

पात्रियावरून जे वाचले त्यांना दयेपोटी राहू दिलं. अटलांटिकवरून किनाऱ्यावर आणलेल्यांना मात्र दया नाही. त्यांना अटलित इथल्या छावणीत ठेवलं होतं. ९ डिसेंबरला पोलीस न्यायला आले, तेव्हा अनेकांनी अंगावरचे कपडे काढून टाकले आणि खाटेवर पडून राहिले. उघड्या माणसाला कुणी ओढून नेणार नाही, अशी त्यांची समजूत. पोलिसांनी मारहाण केली, तसंच उचललं आणि बोटीवर नेऊन टाकलं. सतरा दिवसांनी, २६ डिसेंबर १९४० ला, ही सुमारे १५८० माणसं मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात उतरली.

आता मॉरिशस म्हटलं की आपल्याकडे नवविवाहित जोडपी आठवतात, निळा समुद्र आणि पांढरी वाळू. आफ्रिकेच्या पूर्वेला, मादागास्करच्याही पलीकडे असलेलं हे इवलंसं बेट. या लोकांना नेलं ते बो-बासां गावच्या तुरुंगात. जाड दगडी भिंतींचा, गुन्हेगारांसाठी बांधलेला. पुरुष कोठड्यांच्या इमारतीत, बायका शेजारच्या आवारात पत्र्याच्या झोपड्यांत, मध्ये भिंत. नवरा-बायको एकाच तुरुंगात, पण भेटायची बंदी. ही बंदी पुढे सैल झाली. छावणीत साठेक मुलं जन्मली, यावरूनच ते कळतं.

सरकारी भाषेत ते कैदी नव्हते. ते 'स्थानबद्ध' होते. हा शब्द आपल्याकडच्या लोकांना नवा नाही. गुन्हा नाही, खटला नाही, शिक्षेची मुदतही नाही. मुदत नसणं हेच सगळ्यात वाईट. कैदी भिंतीवर रेघा मारून दिवस मोजतो, स्थानबद्धानं काय मोजायचं?

पण हेही सांगितलं पाहिजे, की हा तुरुंग म्हणजे पोलंडमधली मृत्युछावणी नव्हे. दोन्ही एका तागडीत घालू नयेत. इथे कुणाला मारण्यासाठी आणलं नव्हतं. मुलांसाठी शाळा निघाली, कारखाने निघाले, वाद्यवृंद तयार झाला. दक्षिण आफ्रिकेतल्या ज्यूंनी कपडे आणि औषधं पाठवली. काही तरुण पुढे दोस्त राष्ट्रांच्या सैन्यात भरती झाले. तरी विषमज्वर आणि मलेरिया यांनी पहिल्याच काही महिन्यांत बरेच बळी घेतले. पावणेपाच वर्षांत सव्वाशेच्या आसपास माणसं तिथेच गेली. हिटलरच्या हातून निसटलेली माणसं डासाच्या चाव्यानं गेली.

या साऱ्यात आणखी एक गोष्ट घडली. कायदा हातात असला की किती दुरून माणसाला मारता येतं, ते तिच्यावरून समजतं. आधी जर्मनीनं ज्यूंच्या पासपोर्टवर लाल 'जे' अक्षर मारलं. मग ज्यांची नावं ज्यू वाटत नाहीत त्यांना नावात भर घालायला लावली, पुरुषांनी 'इस्रायल' आणि बायकांनी 'सारा'. आणि २५ नोव्हेंबर १९४१ ला, पात्रिया बुडाली त्याला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, देशाबाहेर राहणाऱ्या सगळ्या ज्यूंचं जर्मन नागरिकत्व एका फटक्यात रद्द केलं. बो-बासांच्या तुरुंगात सकाळी उठलेल्या व्हिएन्नाच्या बाईला पत्ताही नसेल, की आज आपण कुठल्याच देशाच्या उरलो नाही.

या वेळी त्या बेटावर कोण राहत होतं? सुमारे चार लाखांची वस्ती आणि त्यातले जवळजवळ दोन तृतीयांश लोक भारतीय वंशाचे. १८३४ पासून पुढे साडेचार लाखांच्या आसपास माणसं उसाच्या मळ्यांवर राबायला भारतातून तिथे नेली गेली. भोजपुरी, तमिळ, तेलुगू, आणि मुंबई बंदरातून गेलेली आपली कोकणातली माणसंही. आंबोलीचा घाट उतरला की जी गावं लागतात त्या मुलखातली माणसं! पोर्ट लुईच्या ज्या पायऱ्यांवरून ती चढली तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा स्थळ आहे. चढल्या चढल्या प्रत्येकाला एक नंबर मिळायचा. १८६७ च्या कायद्यानं तर करार संपलेल्या मजुरालाही फोटो लावलेलं तिकीट सतत जवळ बाळगावं लागे. नसलं तर भटक्या म्हणून पकडत. लिहून घेणाऱ्या कारकुनाला आडनाव कळलं नाही, तर बापाचं किंवा आजोबाचं एकेरी नावच आडनाव होऊन बसे. तिथल्या मराठी माणसांची आडनावं आजही तशीच ऐकायला मिळतात.

म्हणजे बघा, भिंतीच्या आत नंबर असलेली माणसं आणि भिंतीबाहेर ज्यांच्या आज्या-पणज्यांना नंबर होते ती माणसं.

२०१७ च्या मे महिन्यात आम्ही दोघं तिथे गेलो. मुलानं लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला सहल दिली होती. चौथा दिवस मोकळा होता, तेव्हा मी यांना म्हटलं, "मला सेंट मार्टिनची दफनभूमी बघायची आहे." हे म्हणाले, "अगं, लोक इथे समुद्र बघायला येतात आणि तू मसणात निघालीस?" पण आले. गाडीचा चालक चाळिशीचा असेल. पणजोबा रत्नागिरीकडचे, एवढंच त्याला ठाऊक. घरात क्रेओल बोलतात, मराठी शाळेत शिकला. त्यामुळे तो पुस्तकातल्यासारखं बोलायचा. "आपण तिथे का जात आहात? आपले कोणी नातेवाईक तिथे आहेत काय?" मी म्हटलं, "नाही रे बाबा, नातेवाईक नाहीत." तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "माझी आजी सांगत असे. तुरुंगात गोरे लोक आहेत. आम्ही विचारायचो, गोरे लोक तुरुंगात कसे असतील?"

हा प्रश्न मला फार खरा वाटला. उसाच्या मळ्यात ज्यानं गोरा म्हणजे मालक एवढंच पाहिलं, त्याला गोरा कैदी कसा कळावा? त्यांना कुणी सांगितलंही नाही. छावणी पहाऱ्यात होती. बेटावरच्या बहुसंख्य लोकांना ही माणसं कोण, कुठली, कशासाठी डांबली, याचा थांग नव्हता.

दफनभूमीच्या एका कोपऱ्यात ज्यूंच्या कबरींच्या रांगा आहेत. सहा टोकांची चांदणी कोरलेले दगड, त्यावर युरोपातली नावं, जन्मवर्ष आणि मृत्यूचं वर्ष. १९४१ वर १९४१ दिसत राहतं. तिथे २०१४ मध्ये एक छोटं स्मारक आणि माहिती केंद्र उघडलं आहे. कबरीवर फुलं वाहायची त्यांच्यात पद्धत नाही, लहानसा दगड ठेवतात. येऊन गेल्याची खूण. आमच्या चालकानं वाकून तीन खडे उचलले, आम्हा दोघांना एकेक दिला आणि तिसरा स्वतः ठेवला. हॉटेलवर परतल्यावर हे आधी आंघोळीला गेले. दफनभूमीतून आलं की आंघोळ. मीही केली. संस्कार ते संस्कार. पण मनात आलं, की सुतक धुवायचं तर या माणसांचं सुतक तेव्हा धरलं कुणी?

ही गोष्ट मॉरिशसमध्येही बरीच वर्षं झाकलेली होती. तिथल्याच जिनेव्हिएव्ह पितो या बाईंनी १९९० च्या दशकात कागदपत्रं आणि आठवणी गोळा करून तिच्यावर पुस्तक लिहिलं. मग २००७ मध्ये नताशा अप्पाना यांची फ्रेंच कादंबरी आली, 'ल देर्निये फ्रेर', म्हणजे शेवटचा भाऊ. अप्पानांचे पूर्वज तेलुगू भाषक मजूर म्हणून तिथे गेलेले. कादंबरीतला राज हा भारतीय वंशाचा लहान मुलगा. त्याचे दोन्ही भाऊ पुरात गेलेले, बाप बो-बासांच्या तुरुंगात पहारेकरी, घरी येऊन मारहाण करणारा. मार खाऊन राज तुरुंगाच्या दवाखान्यात पोचतो आणि तिथे त्याला प्रागचा डेव्हिड भेटतो. तो अनाथ, आणि तोही आजारी. दोघांची मैत्री होते. पुढचं सांगत नाही, वाचणाऱ्यानं वाचावं. इंग्रजीत तिचा अनुवाद आहे.

मला त्यात धरून ठेवलं ते त्या बापाच्या नोकरीनं. मजुराचा वंशज किल्ल्या घेऊन उभा आहे आणि आत दुसरी नंबरवाली माणसं आहेत. त्यानं कायदा केला नाही, छावणी उभारली नाही. पगार मिळतो म्हणून तो कुलूप लावतो. आणि त्याच घरातलं पोर भिंतीतल्या मुलाला भाऊ मानतं. सोसलेला माणूस आपोआप दुसऱ्याचं दुःख ओळखतो, असं आपण म्हणतो. तसं होत नाही. ओळखण्यासाठी कुणीतरी भिंतीपलीकडे डोकवावं लागतं, आणि ते बहुतेक लहान पोरंच करतात.

हे सगळं दूरच्या बेटावर झालं असंही नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं, तेव्हा ब्रिटिश सरकारनं भारतातल्या जर्मन आणि ऑस्ट्रियन पुरुषांना 'शत्रुराष्ट्राचे नागरिक' म्हणून पकडून अहमदनगरच्या छावणीत घातलं. त्यात नाझी होते आणि नाझींच्या भयानं पळून आलेले ज्यूही होते. रकाना एकच: जर्मन! अनेकांना चौकशीनंतर सोडलं, पण साऱ्यांची सुटका झाली नाही. सातारा आणि पुरंदर इथे कुटुंबांसाठी नजरकैदेच्या वसाहती होत्या. पुरंदर म्हटलं की आपल्याला मुरारबाजी आठवतो. त्याच गडावर युद्धाच्या काळात व्हिएन्ना-बर्लिनची माणसं सरकारी हजेरी लावत होती. दुसरीकडे मुंबईत १९३४ पासून ज्यू निर्वासितांना मदत करणारी संस्था काम करत होती. ज्यू डॉक्टर आणि तंत्रज्ञांना भारतात घ्यावं म्हणून जवाहरलाल नेहरूंनी युद्धाआधी खटपट केली होती. आणि आपल्या शेजारच्या कोल्हापुराजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. ते बहुतेक कॅथलिक होते आणि रशियातून सुटून आलेले होते, त्यांची कथा निराळी. पण त्यांना बाजारात जाता येत होतं, गावाशी त्यांची ओळख झाली. कोल्हापुरात त्यांचं स्मारक आहे. एकाच साम्राज्यात एका निर्वासिताला छावणी म्हणजे गाव झालं आणि दुसऱ्याला तुरुंग. फरक माणसांत नव्हता, रकान्यात होता.

रकान्यांबद्दल मी अधिकारानं बोलू शकते. तीस वर्षं मी एका शाळेच्या कचेरीत कारकून होते. जनरल रजिस्टर भरलं, दाखले लिहिले. नाव, जन्मतारीख, जन्मगाव, धर्म, जात, मातृभाषा. रेघा आखलेल्या असतात, त्यात माणूस बसवायचा. रकाना वाईट नसतो. दाखल्याशिवाय पोराला पुढची शाळा मिळत नाही, शिष्यवृत्ती मिळत नाही. व्हिएन्नामध्येही जन्माची नोंद ठेवणारे कारकून माझ्यासारखेच असतील, शाईचा डाग पडू नये म्हणून जपून लिहिणारे. त्यांनी लिहिलेल्या धर्माच्या रकान्यानं पुढे माणसं निवडून काढायला मदत केली. लिहिताना कुणाला ठाऊक होतं, की हे रजिस्टर उद्या कुणाच्या हातात जाणार आहे?

आमच्या घरात हा रकाना कसा आला ते सांगते. सून हुबळीकडची. ती मुलांशी कन्नड बोलते, मुलगा मराठी बोलतो, मुलं दोन्ही बोलतात आणि भांडताना इंग्रजी! मोठ्या नातवाला शाळेत घालताना मातृभाषेचा रकाना आला. हे म्हणाले, "मराठी लिहा, त्यात विचारायचं काय?" सून काही बोलली नाही. माझ्याकडे अर्ज सरकवून म्हणाली, "अत्ते, नीवे बरीरि." तुम्हीच लिहा. तिचं न बोलणं मला ऐकू आलं, पण रकाना एकच होता. मी मराठी लिहिलं. तीन वर्षांनी धाकटीच्या अर्जाची वेळ आली. या वेळी हे आपणहून म्हणाले, "हिचं कन्नड लिहा." सुनेनं वर बघितलं, हसली आणि आत चहा टाकायला गेली. आमच्या घरापुरता सीमाप्रश्न असा सुटला. कागदावर मात्र एका आईच्या दोन मुलांच्या मातृभाषा दोन झाल्या.

गंमत म्हणून हे मी बऱ्याच जणांना सांगितलं आहे. पण नातू नऊ वर्षांचा असताना एकदा खेळून आला तो चेहरा पाडून. मुलांनी दोन गट केले होते, त्यांचे आणि आपले. याला विचारलं, "तू कुणाकडचा?" यानं सांगितलं, "दोन्हीकडचा." तर त्याला खेळातूनच काढून टाकलं. दोन्हीकडचा चालत नाही, एक सांग. रात्री मला म्हणतो, "अज्जी, मी मराठी आणि छोटी कन्नड, तर आम्ही भांडायचं का?"

पोरांचा खेळ तो, त्याची आणि व्हिएन्नाची बरोबरी करण्याइतकी मी वेडी नाही. आपल्या भागातली भांडणं आपण पाहिली आहेत, पण त्यांच्या पलीकडे आपण एकमेकांकडे हळदी-कुंकवाला जातो, लग्नं जमवतो, दवाखान्यात रक्त देतो. तरीही त्या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं होतं. "नाही रे, असं नसतं" एवढं म्हणून भागत नाही. कारण असं असतं, हे त्यानं संध्याकाळी बघितलं होतं.

म्हणून मी त्याला बो-बासांची गोष्ट सांगितली, मोठ्यांना सांगतात तशीच. बोटीतलं लाकूड जाळून पुढे गेलेली माणसं, कपडे काढून खाटेवर पडलेली माणसं, भिंतीच्या दोन बाजूंना नवरा-बायको. व्हिएन्नात त्यांना ज्यू म्हणाले, हैफात बेकायदा म्हणाले, मॉरिशसला स्थानबद्ध म्हणाले, आणि भारतात त्यांच्यासारख्यांना शत्रू म्हणाले. माणूस तोच. ज्याच्या हातात रजिस्टर, त्यानं आपल्या सोयीचा शब्द लिहिला. तू दोन्हीकडचा म्हणालास ते खरं आहे. खरं उत्तर रकान्यात मावत नसलं, तर रकाना लहान आहे असं समजायचं, आपण चुकलो असं नाही.

सून दारात उभी राहून ऐकत होती. कन्नडमध्ये 'नम्मवरु' असा एक शब्द आहे, आपलं 'आपली माणसं' तसा. ती म्हणाली, "अत्ते, त्या ड्रायव्हरनं दगड ठेवला ना, तेव्हा ती माणसं नम्मवरु झाली." मी तीस वर्षं रजिस्टर लिहिलं, पण आपलं माणूस कसं होतं हे इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आलं नसतं. आपलं माणूस म्हणजे जन्मानं मिळालेली यादी नव्हे. कुणीतरी वाकून खडा उचलावा लागतो.

त्या स्थानबद्धांचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. १९४५ च्या सुरुवातीला त्यांना सांगण्यात आलं, की तुम्हाला पॅलेस्टाइनला जाता येईल. 'कधीच नाही' म्हणून जाहीर केलेला निर्णय अखेर मागे घेतला गेला. त्या ऑगस्टमध्ये सुमारे १३०० जण 'फ्रँकोनिया' जहाजानं निघाले आणि महिनाअखेरीस हैफाला पोचले. जे सुटून आले त्यांना मागे राहिलेल्यांची बातमी तेव्हाच पुरती कळू लागली असणार. व्हिएन्ना आणि प्रागमध्ये ज्यांना निरोप दिला होता त्यांतले बहुतेक आता नव्हते.

त्या जहाजावर तुरुंगात जन्मलेली मुलंही होती. त्यांनी भिंतीबाहेरचं गाव फारसं पाहिलंच नव्हतं. पुढे आयुष्यभर कुठल्याही अर्जावर जन्मगावाच्या रकान्यात त्यांना बो-बासां लिहावं लागलं असेल. कुणी विचारलं, "मॉरिशस? म्हणजे तुम्ही तिकडचे?" तर ती काय उत्तर देत असतील?